वडीलधाऱ्यांची मिळकत : वारस, नॉमिनी आणि मृत्युपत्र

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला मृत्युपत्राचा प्रश्न पडला नाही. मागे ठेवण्यासारखे त्यांच्याजवळ फारसे नव्हतेच. गावाकडे कोणाची वतनाची पट्टी, शहरात गिरणीतली किंवा गोदीतली नोकरी आणि चाळीतली भाड्याची खोली, एवढाच बहुतेकांचा संसार. त्यांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकविले. ती मुले रेल्वेत, पोस्टात, महापालिकेत, शाळांत, बँकांत नोकरीला लागली. त्यांनी कर्ज काढून घरे घेतली, पी.एफ. साठविला, मुदत ठेवी केल्या. आज ही पिढी साठी-सत्तरीत आहे. आपल्यातील कितीतरी घरांत मिळकत मागे ठेवून जाणारी ही पहिलीच पिढी होय. मिळकत कशी करावी हे ती शिकली. ती पुढे कशी सोपवावी हे सांगणारे मात्र घरात कोणी नव्हते.

आम्ही बँकेत काम करतो. मयत खातेदारांच्या पैशांसाठी आलेली कुटुंबे आम्हांस नेहमी भेटतात. त्यांची अडचण पैसा नसल्याची क्वचितच असते. पैसा असतो, पण तो कोणाचा हे सांगणारा कागद नसतो. एक फॉर्म भरला नाही, एक सही राहून गेली, म्हणून विधवा बाईला महिनोन् महिने खेटे घालावे लागतात आणि एका ताटात जेवलेली भावंडे एकमेकांना नोटिसा धाडतात. हे टाळता येते. त्यासाठी श्रीमंत असावे लागत नाही आणि फार कायदाही शिकावा लागत नाही. मोजक्या गोष्टी नीट समजून घेतल्या तरी पुरे.

१) वारस कोण?

प्रथम एक खुलासा. बौद्धांना वारसाहक्काचा कोणता कायदा लागू होतो, असे आम्हांस पुष्कळ जण विचारतात. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ हाच कायदा बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे, असे त्याच्या दुसऱ्या कलमातच म्हटले आहे.

पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर त्याची मिळकत पहिल्या वर्गातील वारसांना मिळते. यांत प्रामुख्याने पत्नी, मुलगे, मुली आणि आई येतात. प्रत्येकाचा हिस्सा सारखा. मुलगी विवाहित असो वा अविवाहित, तिचा हिस्सा मुलाइतकाच. मुलगा किंवा मुलगी आधीच वारली असेल तर तिच्या वाट्याचा हिस्सा तिच्या मुलांकडे जातो. मुलगा आधी वारला असेल तर त्याच्या विधवेलाही त्यात वाटा असतो.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, आई वारस आहे. तरुण मुलगा गेला तर त्याच्या पत्नी व मुलांबरोबर म्हाताऱ्या आईचाही त्याच्या पैशांत समान हिस्सा असतो. पुष्कळ ठिकाणी तिचे नाव वारसांच्या यादीत लिहिलेच जात नाही. दुसरी, वडील पहिल्या वर्गात नाहीत. पत्नी, मुले किंवा आई यांपैकी कोणी हयात असेल तर वडिलांना काही मिळत नाही. म्हणून वृद्ध वडिलांना सांभाळणाऱ्या कमावत्या मुलाने त्यांची सोय मृत्युपत्रातच करून ठेवली पाहिजे.

स्त्रीच्या बाबतीत नियम वेगळा आहे. तिच्या मिळकतीचे पहिले वारस तिची मुले व पती. ते नसतील तर मिळकत पतीच्या वारसांकडे जाते, आणि त्यानंतर तिच्या आई-वडिलांचा क्रम लागतो. तिला आई-वडिलांकडून वारशाने मिळालेली मिळकत, मूल नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे परत जाते; पण स्वतःच्या पगारातून तिने जे केले त्याला वरचाच क्रम लागू होतो. म्हणजे नोकरी करणारी एखादी विधवा भगिनी मूलबाळ नसताना वारली, तर तिने आयुष्यभर साठविलेला पैसा तिच्या आईच्या आधी दिराकडे जाऊ शकतो. नोकरी करणाऱ्या आपल्या शिक्षिका, परिचारिका, कारकून भगिनींनी हे जरूर लक्षात घ्यावे.

२) बहिणीची सही

मुलीला व विधवेला मिळकतीत पूर्ण हक्क मिळावा यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंत्री या नात्याने हिंदू कोड बिल मांडले. ते बिल रखडविले गेले, हे त्यांच्या सप्टेंबर १९५१ मधील राजीनाम्याचे एक प्रमुख कारण होते. पुढे १९५६ साली उत्तराधिकाराचा कायदा झाला. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही मुलीला हक्क दिला. त्यासाठी वडील २००५ साली हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले.

एवढा इतिहास ज्यांचा अभिमानाने सांगावा त्या आपल्याच घरांत काय चालते? वडील गेले की महिन्या-दोन महिन्यांत बहिणींना बोलावणे जाते. "नाव लावायचे आहे, इथे सही कर," असे सांगून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. बहिणीने समजून-उमजून, स्वखुशीने हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे. परंतु कागद वाचू न देता, माहेर तुटेल या भीतीपोटी घेतलेली सही ही खुशी नव्हे. नोंदलेले हक्कसोडपत्र मागाहून रद्द करून घेणे फार कठीण असते. म्हणून भगिनींनी कागद घरी न्यावा, कोणा जाणकाराला दाखवावा, मगच सही करावी. भावांनीही तेवढा वेळ द्यावा.

गावच्या जमिनीबाबतही थोडे सांगितले पाहिजे. महार वतन आणि इतर कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली व जमिनी वतनदारांना परत देण्यात आल्या. त्या विकण्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचे बंधन आले. अशा कित्येक जमिनींच्या सातबाऱ्यावर अद्याप आजोबा-पणजोबांचीच नावे आहेत. मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्यावी, असा जमीन महसूल संहितेचा नियम आहे. आपण शहरात, जमीन गावात, म्हणून ते राहून जाते. आणि दोन पिढ्यांनंतर वारसांची संख्या चाळीस-पन्नासवर जाते. ज्येष्ठांना नाती व नावे आठवतात तोवर वंशावळ लिहून घ्यावी आणि फेरफार करून घ्यावा.

३) नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

सर्वांत मोठा गैरसमज येथे आहे. समजा, एका निवृत्त गृहस्थांची बँकेत १० लाख रुपयांची मुदत ठेव आहे. मागे पत्नी, वृद्ध आई, एक मुलगा व दोन विवाहित मुली आहेत. मृत्युपत्र नाही. ठेवीला नॉमिनी मुलगा आहे. गृहस्थ वारल्यावर बँक १० लाख रुपये मुलाच्या हाती देईल आणि बँकेची जबाबदारी तेथे संपेल. पण ते १० लाख मुलाचे झाले काय? नाही. वारस पाच आहेत, प्रत्येकाचे २ लाख. मुलाचे स्वतःचे २ लाख आणि उरलेले ८ लाख त्याच्याकडे इतरांची ठेव म्हणून आहेत. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा विश्वस्त होय.

बँकेतील ठेवींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हेच सांगितले. शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये तोच निर्णय दिला. सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिकेबाबत महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार वारस निश्चित होईपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतले जाते. मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात लिहिले असेल त्याची.

विम्याचा नियम थोडा निराळा आहे. पती-पत्नी, आई-वडील किंवा मुले यांना नॉमिनी केले असेल तर त्यांनाच त्या रकमेचे लाभार्थी मानावे, अशी दुरुस्ती २०१५ साली झाली. तरी त्यावरही न्यायालयात वाद होतात. म्हणून पॉलिसीचा उल्लेख मृत्युपत्रातही करावा हे बरे.

मग नॉमिनी नेमून उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग मोठा आहे. नॉमिनी असेल व कागदपत्रे पुरी असतील तर बँकेने दावा १५ दिवसांत निकाली काढावयाचा असतो. मृत्यूचा दाखला, दाव्याचा फॉर्म व नॉमिनीची ओळख एवढ्यावर काम होते. नॉमिनी नसेल तर सर्व वारसांच्या सह्या, हमीपत्र, रक्कम मोठी असल्यास किंवा वाद असल्यास न्यायालयाचा उत्तराधिकार दाखला, असा प्रवास करावा लागतो. रोज भाजी आणायला पैसे हवेत, त्या घराला हा प्रवास परवडत नाही.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चार नॉमिनी नेमता येतात. प्रत्येकाची टक्केवारी ठरवून एकाच वेळी, किंवा पहिला नसल्यास दुसरा अशा क्रमाने. लॉकरला मात्र फक्त क्रमानेच नेमता येतात. जुन्या पासबुकात "नॉमिनेशन नोंदले" असा शिक्का आहे की नाही ते आजच पाहावे. लग्नापूर्वी आईचे किंवा भावाचे नाव लावलेले असेल, पहिली नॉमिनी पत्नी वारली असेल, तर नवा फॉर्म भरावा. पी.एफ.चे नॉमिनेशनही लग्नानंतर पुन्हा करावे लागते.

पती-पत्नीचे संयुक्त खाते "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" या पद्धतीचे ठेवावे. एक गेल्यावर दुसऱ्यास व्यवहार करता येतो. अशा खात्यातही नॉमिनी नेमावा. दोघेही गेल्यावर त्याचा उपयोग होतो.

४) मृत्युपत्र : एका साध्या कागदाचे बळ

वरील उदाहरणात घरही असते तर? त्या घरात पत्नीचा हिस्सा केवळ पाचवा. ज्या घराचे हप्ते फेडताना तिने दागिने मोडले, त्याच घरात ती उरलेल्या चौघांच्या मर्जीवर! गृहस्थांच्या मनात तसे खचितच नव्हते. पण मनातले कायद्याला कळत नाही. ते कागदावर यावे लागते. तोच कागद म्हणजे मृत्युपत्र.

मृत्युपत्र सज्ञान व शुद्धीवर असलेल्या कोणासही करता येते. स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. मराठीत लिहिलेले चालते. मात्र दोन साक्षीदार आवश्यक आहेत. करणाऱ्याने त्यांच्यादेखत सही किंवा अंगठा करावा आणि साक्षीदारांनी त्याच्यासमोर सह्या कराव्यात. साक्षीदार वयाने लहान, विश्वासू व ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळावयाचे नाही असे निवडावेत. नोंदणी सक्तीची नाही. तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदविल्यास मागाहून "सही बनावट आहे" असे म्हणणे अवघड जाते. वय फार झाले असेल तर त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे.

मजकूर लिहिताना पुढील काळजी घ्यावी :

(अ) प्रत्येक मिळकतीचे पूर्ण वर्णन द्यावे. घराचा पत्ता, गट क्रमांक, बँकेची शाखा, पॉलिसी क्रमांक. "माझे सर्व पैसे" असे मोघम लिहू नये.

(आ) पत्नीला घर देताना ते पूर्ण मालकीने देत आहात की हयातभर राहण्यापुरते, हे स्पष्ट लिहावे. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

(इ) एखाद्या वारसाला कमी देत असाल किंवा वगळीत असाल तर त्याचे कारण एका वाक्यात, सौम्य शब्दांत लिहावे.

(ई) "याखेरीज जे राहील ते अमुक व्यक्तीला" असे शेवटचे कलम घालावे.

(उ) अंमलबजावणी कोणी करावी त्याचे नाव लिहावे, आणि मूळ कागद कोठे आहे ते त्यास सांगावे. कपाटाच्या तळाशी दडवलेले मृत्युपत्र असून नसल्यासारखेच.

मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते. शेवटचे वैध मृत्युपत्र खरे धरतात. म्हणून "आताच केले तर हात बांधले जातील" ही भीती निरर्थक आहे. न्यायालयाच्या प्रोबेटची गरज आहे किंवा नाही, याचे नियम बदलत आले आहेत; ते त्या त्या वेळी वकिलास विचारावे. वकील परवडत नसेल तर तालुका व जिल्हा न्यायालयांतील विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रिया आणि अनुसूचित जातींच्या व्यक्ती यांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

५) भरले ताट द्यावे, बसायचा पाट देऊ नये

पुष्कळ ज्येष्ठ मृत्युपत्राऐवजी हयातीतच घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून देतात. महाराष्ट्रात राहते घर मुलगा, मुलगी, पती-पत्नी, नातवंडे यांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. त्यामुळे मोह होतो. पण मृत्युपत्र फाडता येते, बक्षीसपत्र फाडता येत नाही. नोंदणी झाली की मालक बदलला. मुलगा चांगला असेलही. पण त्याचा धंदा बुडाला, त्याच्यावर कर्ज झाले किंवा तोच आधी गेला तर? आपल्या वडीलधाऱ्यांची वरील म्हण अनुभवातून आली आहे.

तरीही बक्षीसपत्र करावयाचेच असेल तर त्यातच दोन वाक्ये घालावीत : देणाऱ्यास व त्याच्या पत्नीस हयातभर या घरात राहण्याचा हक्क राहील, आणि घेणारा त्यांचे अन्न, वस्त्र, औषधपाणी पाहील. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम २३ नुसार, अशा अटीवर मिळकत घेऊन नंतर सांभाळ न केल्यास ते हस्तांतरण न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते. अट लिहिलेली नसल्याने दावा फसल्याचे उदाहरण २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने हे कलम ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे वाचावे असे म्हटले. तथापि उदारतेवर विसंबण्यापेक्षा दोन ओळी लिहिणे सोपे.

याच कायद्याने साठ वर्षांवरील आई-वडिलांना मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडे यांच्याकडे दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करावयाचा असतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदतीचा दूरध्वनीही आहे. घरातले भांडण चव्हाट्यावर येईल या लाजेने उपाशी राहू नये. लाज न सांभाळणाऱ्याने बाळगावी.

६) स्वतःसाठी पैसा आणि बँकेचे व्यवहार

निवृत्तीची रक्कम आली की मुलाचा फ्लॅट, मुलीचे लग्न, पुतण्याचा धंदा असे अनेक वाटे समोर येतात. आमचे म्हणणे असे की प्रथम स्वतःच्या व पत्नीच्या औषधपाण्याचा आणि दरमहा खर्चाचा पैसा बाजूला काढावा, उरलेल्यातून द्यावे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठाव्या वर्षानंतर ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते व दर तिमाहीस व्याज मिळते. एका बँकेत एका ठेवीदाराच्या ५ लाखांपर्यंतच्याच रकमेला, व्याज धरून, विम्याचे संरक्षण आहे. म्हणून सर्व पुंजी एका लहान पतपेढीत किंवा बँकेत गुंतवू नये. पतपेढीला तर हे विमा संरक्षण नाहीच. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेचे कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून काढता येते.

आजारपणामुळे सही करता येत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर, ज्यांपैकी एक बँकेचा अधिकारी असावा, अंगठा घेऊन पैसे देण्याची सोय आहे. सत्तरीपुढील व अपंग खातेदारांना घरपोच सेवा देण्याच्या सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ साली दिल्या आहेत. ती मागून घ्यावी.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. वडील वारल्यावर त्यांच्या ए.टी.एम. कार्डाने मुले पैसे काढतात, "अंत्यविधीला हवे होते" असे सांगतात. खातेदार गेला की कार्ड, चेक व मुखत्यारपत्र, तिन्हींचा अधिकार संपतो. मागाहून दुसऱ्या वारसाने तक्रार केली तर चांगल्या मनाने केलेले कृत्यही गुन्ह्यासारखे दिसते. बँकेस कळवावे व दावा करावा.

दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यांतील पैसा रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतो. तो बुडत नाही. वारसास केव्हाही मागता येतो. असा पैसा शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ साली 'उद्गम' नावाचे संकेतस्थळ सुरू केले आहे.

७) घरात एक वही

एवढे सगळे वाचून करावयाचे काय? शंभर पानी एक वही आणावी. तीत खाते क्रमांक व शाखा, ठेवींच्या पावत्या, विमा, पी.एफ. व पेन्शनचा क्रमांक, घराची व जमिनीची कागदपत्रे, कर्ज घेतलेले व दिलेले, प्रत्येक ठिकाणचा नॉमिनी आणि मृत्युपत्र कोठे आहे ते लिहावे. पिन किंवा पासवर्ड मात्र लिहू नये. वही कोठे आहे हे घरातील दोघांना तरी ठाऊक असावे, आणि त्यांपैकी एक पत्नी असावी.

विद्यार्थी मित्रांनी हे काम अंगावर घ्यावे. आई-वडिलांना मृत्यूचा विषय काढणे जड जाते, आणि कमावत्या मुलाने काढला तर त्याचा डोळा मिळकतीवर आहे असे वाटते. शिकणाऱ्या नातवाने किंवा नातीने मात्र "आजोबा, मला शिकायचे आहे, सांगा," म्हणून वही पुढे केली तर कोणाला वाईट वाटत नाही. एका रविवारी सुरुवात करा. पहिल्या पानावर आजीचे नाव लिहा, आणि विचारा की उद्या आजोबा नसतील तर तिला दरमहा किती मिळतील आणि ती कोणाच्या घरात राहील. त्याचे उत्तर कागदावर नसेल, तर कोणता फॉर्म भरायचा आहे आणि कोणता कागद करायचा आहे, हे तुम्हांस त्याच क्षणी कळेल.